सर्वांत उंच शिखराला भुलू नका: चुंबकावरणातले प्लाझ्मा अनुनाद कसे वाचायचे

प्लाझ्मा म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन यांचा वायू. अंतराळयानाने पाठवलेला त्यातल्या तरंगांचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती जोर याचा आलेख, पहिल्यांदा समोर आला की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. सर्वांत उंच शिखर शोधतात, त्याची वारंवारता टिपतात, सूत्रात घालतात आणि इलेक्ट्रॉन घनता काढून मोकळे होतात. मीही हेच केलं होतं. उत्तर आलं, दिसायलाही बरं होतं, फक्त चुकीचं होतं. ते शिखर भलत्याच अनुनादाचं होतं.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला मी एवढंच सांगेन, की एकटं शिखर काही बोलत नाही. अनुनाद घोळक्याने येतात आणि त्यांची एकमेकांशी असलेली नाती ठरलेली असतात. ती नाती जुळली तरच आकड्यावर विश्वास ठेवायचा. आणि सुरुवात घनतेपासून करायची नाही, चुंबकीय क्षेत्रापासून करायची. का, ते पुढे कळेल.

ही शिखरं येतात कुठून

२९ सप्टेंबर १९६२ रोजी कॅनडाचा पहिला उपग्रह अल्युएट-१ कक्षेत गेला. त्याचं काम सरळ होतं. सुमारे एक हजार किलोमीटर उंचीवरून खाली रेडिओ स्पंद सोडायचे आणि आयनावरणावरून परतणारे प्रतिध्वनी टिपायचे. पण नोंदींमध्ये प्रतिध्वनींच्या वक्ररेषांबरोबर उभे काटेही दिसू लागले. ते स्पंद सोडताक्षणी सुरू होत, काही ठरावीक वारंवारतांवरच येत आणि बराच वेळ रेंगाळत. हा लांबून आलेला प्रतिध्वनी नव्हता. उपग्रहाभोवतीचा प्लाझ्माच घणघणत होता.

धातूच्या भांड्यावर टिचकी मारली की हात बाजूला गेल्यावरही ते वाजत राहतं, तसाच हा प्रकार. यान स्पंद सोडतं आणि गप्प बसून ऐकतं. बहुतेक वारंवारतांवर तरंग निघून जातात आणि ऐकायला काही उरत नाही. पण काही वारंवारतांवर तरंगाचा समूहवेग शून्याजवळ येतो. म्हणजे ऊर्जा जागची हलत नाही, यानाच्या आसपास घुटमळते. तिथे वर्णपटात शिखर उमटतं.

असं टिचकी मारून ऐकणारं यंत्र युलिसिस यानावर होतं. ते फेब्रुवारी १९९२ मध्ये गुरूजवळून जाताना आयो या गुरूच्या उपग्रहाच्या कक्षेभोवतीच्या प्लाझ्माच्या कड्यातून गेलं. क्लस्टरच्या चार उपग्रहांवर व्हिस्पर नावाचं यंत्र होतं, तर २००० सालच्या इमेज उपग्रहावर रेडिओ प्लाझ्मा इमेजर होता. बाकी अनेक यानं नुसती ऐकतात. निसर्गतः उठणारे तरंगही याच वारंवारतांच्या आसपास जोर धरतात, त्यामुळे वाचायची पद्धत बरीचशी सारखीच. फरक कुठे पडतो ते पुढे येईलच.

तीन आकडे आणि त्यांचं नातं

सोयीसाठी तीन अक्षरं ठरवून घेऊ.

प म्हणजे प्लाझ्मा वारंवारता. इलेक्ट्रॉनांचा थवा जरा बाजूला सरकवला की मागे राहिलेले धन आयन त्याला ओढून घेतात, तो पलीकडे जातो, पुन्हा ओढला जातो. ही वारंवारता फक्त इलेक्ट्रॉन घनतेवर अवलंबून असते. घनता (घ) दर घनसेंटिमीटरला इलेक्ट्रॉन अशी मोजली, तर किलोहर्ट्झमध्ये:

प = ८.९८ × √घ

या साध्या सूत्राची ताकद व्हॉयेजर-१ ने दाखवली. २०१३ च्या वसंतात त्याच्या प्लाझ्मा तरंग यंत्राने २.६ किलोहर्ट्झच्या आसपास आंदोलनं टिपली. सूत्रात घालून पाहा, घनता येते ०.०८. सूर्याच्या प्रभावक्षेत्राच्या आतल्या बाजूला असते त्याच्या कितीतरी पट जास्त. यान ऑगस्ट २०१२ मध्येच आंतरतारकीय अवकाशात पोचलं होतं, याचा हा भक्कम पुरावा ठरला. गोष्ट चुंबकावरणाबाहेरची, म्हणजे ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राच्या अमलाखालच्या प्रदेशाबाहेरची आहे खरी, पण एका वारंवारतेतून केवढं कळू शकतं हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

स म्हणजे सायक्लोट्रॉन वारंवारता. चुंबकीय क्षेत्ररेषेभोवती इलेक्ट्रॉन सेकंदाला किती घिरट्या घालतो, तो आकडा. तो फक्त क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरतो. एका नॅनोटेस्लाला २८ हर्ट्झ. घनतेशी त्याचं काही देणंघेणं नाही.

ह म्हणजे अप्पर हायब्रिड वारंवारता. क्षेत्राच्या आडव्या दिशेने इलेक्ट्रॉन हलवला तर त्याच्यावर दोन्ही ओढी एकदम लागू होतात, आयनांची आणि क्षेत्राची. म्हणून:

ह² = प² + स²

एवढं पाठ झालं की निम्मं काम झालं. बाकीचं निम्मं म्हणजे कोणतं शिखर कोणाचं हे ओळखणं, आणि खरा वेळ तिथेच जातो.

पायरी पहिली: आधी यंत्र समजून घ्या

माहिती उघडण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. वारंवारतेचा पट्टा कुठून कुठवर आहे, एक चौकट, म्हणजे यंत्र वेगळा मोजू शकतं असा वारंवारतेचा सर्वांत लहान तुकडा, किती हर्ट्झची आहे आणि अँटेना किती लांब आहे.

व्हिस्परचं उदाहरण घेऊ. त्याचा पट्टा साधारण ४ ते ८० किलोहर्ट्झचा. घनतेच्या भाषेत ०.२ पासून ८० पर्यंत. म्हणजे उपग्रह प्लाझ्मास्फिअरच्या (पृथ्वीलगतच्या थंड प्लाझ्माच्या) दाट भागात शिरला आणि घनता काहीशेवर गेली, तर प पट्ट्याबाहेर जाणार. अशा वेळी पट्ट्यात जे शिखर दिसेल ते प असूच शकत नाही, कितीही उंच असो. नवशिक्यांच्या चुकांमध्ये ही फार वरच्या क्रमांकाची आहे.

चौकट सुमारे १६० हर्ट्झची. २० किलोहर्ट्झवर एका चौकटीची चूक म्हणजे ०.८ टक्का. घनता वारंवारतेच्या वर्गावर चालते, त्यामुळे तिथे चूक दुप्पट, म्हणजे १.६ टक्के. कण मोजणाऱ्या यंत्रांच्या मानाने हे चांगलंच म्हणायचं. यानावर साचलेला विद्युतभार कणांची मोजणी बिघडवतो, वारंवारतेला मात्र त्याचा फारसा फरक पडत नाही. अनुनादांचं महत्त्व टिकून आहे ते यामुळेच.

अँटेनाची लांबी डिबाय लांबीशी ताडून पाहायची. प्लाझ्मामध्ये एखादा विद्युतभार किती अंतरावर झाकला जातो, ते अंतर म्हणजे डिबाय लांबी. मीटरमध्ये ती ७.४ × √(तापमान ÷ घनता) इतकी येते, तापमान इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये धरून. घनता ५ आणि तापमान १ असेल तर ३.३ मीटर. तेवढ्याच घनतेत तापमान १०० झालं तर ३३ मीटर. क्लस्टरच्या तारांची टोकापासून टोकापर्यंत लांबी ८८ मीटर, म्हणून थंड प्लाझ्मात शिखरं टोकदार येतात आणि तापलेल्या विरळ भागात ती पसरट, दबकी होतात. शिखर दबलं म्हणजे यंत्र बिघडलं असं नाही. प्लाझ्मा तापलेला असू शकतो.

पायरी दुसरी: फणी शोधा

आता प्रत्यक्ष वाचन. सरावासाठी मी एक वर्णपट रचला आहे. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या पातळीत, केंद्रापासून साडेपाच त्रिज्यांच्या जरा अलीकडे, सक्रिय (टिचकी मारून ऐकणाऱ्या) यंत्राने स्पंद सोडला आणि या वारंवारतांवर (किलोहर्ट्झमध्ये) शिखरं मिळाली, असं समजा:

५.६, ११.२, १६.८, २०.१, २०.९, २२.४, २४.५, २८.०, २९.३

सर्वांत उंच शिखर २०.९ वर आहे, त्याच्या खालोखाल २४.५ वर. २०.१ वरचं अगदी बुटकं.

उंची विसरा. आधी अंतरं पाहा. ५.६, ११.२, १६.८, २२.४, २८.०. एकेका दातामध्ये नेमकं ५.६ चं अंतर. ही फणी म्हणजे स आणि त्याच्या पटी: दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट. ५.६ किलोहर्ट्झला २८ हर्ट्झने भागलं की चुंबकीय क्षेत्र मिळतं, २०० नॅनोटेस्ला.

इथून सुरुवात करायची कारणं दोन. एक तर फणीला स्वतःचा पुरावा स्वतःजवळच असतो. एक दात खोटा असू शकतो, पाच समान अंतरावरचे दात योगायोगाने येत नाहीत. दुसरं, जवळपास प्रत्येक यानावर चुंबकत्वमापक असतो, त्याने मोजलेलं क्षेत्र तुमच्या उत्तराशी लगेच ताडता येतं. घनतेच्या बाबतीत असा तटस्थ साक्षीदार सहसा मिळत नाही. म्हणून ज्याची खात्री करता येते ते आधी पक्कं करायचं.

एक बारकावा हाताशी ठेवा. स मोजायचा तो शक्य तितक्या वरच्या दातावरून. पहिल्या दातावर एका चौकटीची चूक म्हणजे जवळपास ६ नॅनोटेस्ला. तीच चूक पाचव्या दातावर पाचाने भागली जाते आणि १.२ नॅनोटेस्लाच्या आसपास राहते. शिवाय पहिला दात पुष्कळदा पट्ट्याच्या खालीच राहतो आणि दिसत नाही. तेव्हा एकही दात प्रत्यक्ष स नसेल अशी तयारी ठेवा. अंतर हाच स.

पायरी तिसरी: फणीत न बसणाऱ्यांना गाठा

फणीचे दात खोडून टाकले की उरतात २०.१, २०.९, २४.५ आणि २९.३. या चारांमध्ये प आणि ह लपलेले आहेत.

जोड्या लावून पाहा. ह² − प² = स² हे नातं कोणती जोडी पाळते? २०.९ चा वर्ग ४३६.८, २०.१ चा ४०४. फरक ३२.८, त्याचं वर्गमूळ ५.७. स होता ५.६. चौकटीच्या चुकीत हे सहज बसतं. २४.५ आणि २०.१ घेतले असते तर फरक १९६ आला असता, वर्गमूळ १४, म्हणजे साफ चूक. तर प = २०.१, ह = २०.९ आणि घनता सुमारे ५.

आता सुरुवातीच्या चुकीची किंमत काढू. सर्वांत उंच शिखर ह होतं. तेच प समजून घनता काढली असती तर ५.४ आली असती, आठ टक्के जास्त. चौपट दाताला, २२.४ ला, प समजलो असतो तर ६.२, सुमारे चोवीस टक्के जास्त. दोन्ही आकडे त्या प्रदेशात अगदी शोभतात. कोणी शंकाही घेणार नाही. म्हणूनच ही चूक घातक.

प चं शिखर बुटकं असणं किंवा मुळीच नसणं हे नेहमीचं आहे. मग ह वरून उलट गणित करायचं: प² = ह² − स². फणी आधी पक्की केलेली असल्यामुळे स तुमच्याकडे असतोच.

पायरी चौथी: बर्नस्टाइनची साक्ष काढा

आता उरलेले दोघे, २४.५ आणि २९.३. माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत देखणा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबू.

क्षेत्राला आडव्या जाणाऱ्या विद्युतस्थितिक (फक्त विद्युतक्षेत्र डोलणाऱ्या) तरंगांना बर्नस्टाइन तरंग म्हणतात. फणीच्या दोन दातांमधल्या प्रत्येक पट्ट्यात त्यांची एक शाखा असते, म्हणजे तरंगलांबी लहान होत जाताना वारंवारता कशी बदलते ती रेषा. ह च्या खालच्या पट्ट्यांमध्ये ही शाखा वरच्या दातापासून खालच्या दाताकडे सरळ उतरत जाते, मध्ये कुठे थबकत नाही. ह च्या वरच्या पट्ट्यांमध्ये मात्र वेगळंच घडतं. शाखा खालच्या दातापासून निघते, वर चढते, एका कमाल उंचीला पोचते आणि पुन्हा त्याच दाताकडे परत येते. त्या कमाल बिंदूवर चढ संपलेला आणि उतार सुरू व्हायचा असतो, म्हणजे समूहवेग शून्य. ऊर्जा तिथे अडकते आणि अनुनाद वाजतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, असे अनुनाद फक्त ह च्या वर येतात. ह च्या खाली दोन दातांमध्ये शिखर दिसलं तर ते या जातीचं नाही, त्याचं दुसरं कारण शोधायला हवं. दुसरी, हे शिखर दातापासून किती वर सरकलेलं आहे ते प आणि स यांच्या गुणोत्तरावर ठरतं. इलेक्ट्रॉनांचे वेग नेहमीच्या मॅक्सवेल वाटणीनुसार (समतोलातल्या वायूत असते तशा) असतील तर अंदाज असा लागतो: दाताचा क्रमांक न असेल तर

शिखर ÷ स ≈ न + ०.४६ × (प ÷ स)² ÷ न²

आपल्या उदाहरणात प ÷ स = ३.५९, वर्ग सुमारे १२.९. चौथ्या दातासाठी सरक ०.३७, म्हणजे शिखर ४.३७ × ५.६ = २४.५. पाचव्यासाठी सरक ०.२४, शिखर २९.३. दोन्ही यादीत हजर आहेत.

उलटंही करून पाहा. २९.३ वरून सरक ०.२३ येते, त्यावरून गुणोत्तर ३.५४ आणि प निघतो १९.८. थेट मोजलेल्या २०.१ पासून दीड टक्क्यावर. फार खूश होऊ नका, कारण इथे एका चौकटीची चूक झाली तर गुणोत्तर सहा टक्क्यांनी हलतं. ही जुळणी खात्रीपुरती आहे, अचूकतेपुरती नाही. पण प चं शिखर दिसतच नसेल आणि ह दोन दातांच्या गर्दीत हरवला असेल, तेव्हा हीच साक्ष उपयोगी पडते. क्रमांक जसा वाढतो तसं शिखर दाताला चिकटत जातं. ही उतरती रांग एकदा डोळ्यांत बसली की सूत्राशिवायही ओळखता येते.

कधी सगळं जुळतं आणि ही रांगच थोडी थोडी हटून येते. अशा वेळी आधी आपलं वाचन तपासा आणि मगच प्लाझ्मावर संशय घ्या. चुंबकावरणात इलेक्ट्रॉनांची वाटणी अनेकदा मॅक्सवेलसारखी नसते. जास्त ऊर्जेच्या बाजूला तिला लांब शेपूट असते, तिला काप्पा वाटणी म्हणतात. अशा प्लाझ्मात बर्नस्टाइनची शिखरं जागा बदलतात. इमेज उपग्रहाच्या नोंदींवर याच दृष्टीने काम झालं आहे. म्हणजे घनता आणि क्षेत्र यांच्या पलीकडे, इलेक्ट्रॉनांच्या वेगांविषयीही ही शिखरं थोडंफार सांगतात. हे काम मात्र पहिल्या महिन्यात अंगावर घेऊ नये.

पायरी पाचवी: शिखर आणि कडा यांत गल्लत नको

वर्णपटात सगळंच शिखर नसतं. काही ठिकाणी एका बाजूला गोंगाट आणि दुसऱ्या बाजूला एकदम शांतता, अशी कडा असते. हा अनुनाद नव्हे, हा कटऑफ. तिथपासून पुढे एखाद्या जातीचा तरंग शिरूच शकत नाही.

उजव्या आणि डाव्या ध्रुवणाच्या (विद्युतक्षेत्र उजवीकडे किंवा डावीकडे फिरणाऱ्या) तरंगांचे दोन कटऑफ प च्या दोन बाजूंना असतात. आपल्या उदाहरणात ते १७.५ आणि २३.१ वर येतील. त्यांची वजाबाकी बरोबर स एवढी असते आणि गुणाकार बरोबर प चा वर्ग. दोन्ही कडा स्पष्ट दिसल्या तर एकही शिखर न पाहता क्षेत्र आणि घनता दोन्ही हाती येतात. साध्या ध्रुवणाच्या तरंगाचा कटऑफ मात्र प वरच असतो. चुंबकावरणाच्या पोकळ भागात कोंडलेल्या रेडिओ किरणोत्सर्गाची खालची कडा म्हणूनच घनतेची खूण धरली जाते.

नुसतं ऐकणाऱ्या यानांबद्दल

व्हॅन ॲलन प्रोब्ज २०१२ मध्ये गेले, कॅसिनी २००४ ते २०१७ शनीभोवती फिरलं, जूनो २०१६ पासून गुरूभोवती आहे. यांच्या ढिगाऱ्यातली बहुतांश माहिती ही नुसत्या ऐकण्याची आहे. तिथे अप्पर हायब्रिडची रेषा वेळेनुसार वरखाली होणाऱ्या तेजस्वी धाग्यासारखी दिसते आणि घनता तिच्यावरूनच काढतात. व्हॅन ॲलन प्रोब्जसाठी तर हा धागा ओळखायला न्यूरल नेटवर्कसुद्धा शिकवलं गेलं. ते उपयोगी आहेच, पण प्लाझ्मास्फिअरच्या सीमेवर जिथे घनता झपकन कोसळते, तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी आकडा पुढे नेत नाही.

इथला मोठा सापळा फणीचाच. निसर्गतः उठणारे सायक्लोट्रॉन पट्टे स च्या पूर्ण पटींवर न येता दोन पटींच्या मध्ये येतात, दीडपट, अडीचपट, साडेतीनपटीच्या आसपास. दातांमधलं अंतर तेवढंच, पण सगळी फणी अर्ध्या घराने सरकलेली. अंतरावरून स बरोबर मिळेल, पण दातांच्या जागा पूर्ण पटी समजून चाललात तर पुढचं सगळं चुकेल. या पट्ट्यांपैकी ज्यात ह पडतो तो बहुधा सर्वांत तेजस्वी असतो, ही खूण लक्षात ठेवा.

ग्रह बदलला की आधी गुणोत्तर पाहा

प मोठा की स, यावर संपूर्ण चित्र उलटंपालटं होतं. नव्या जागेची माहिती हातात आली की सर्वप्रथम हे गुणोत्तर अंदाजाने काढून ठेवा.

शनीचा एन्सेलाडस उपग्रह जिथे फिरतो तिथे क्षेत्र सुमारे ३२५ नॅनोटेस्ला, म्हणजे स सुमारे ९ किलोहर्ट्झ. घनता ७० धरली तर प ७५.१ आणि ह ७५.७. दोघांत जेमतेम अर्ध्या किलोहर्ट्झचं अंतर, यंत्राच्या चौकटी तेवढ्या बारीक नसतील तर ते एकच दिसणार. इथे त्यांना वेगळं करण्याची धडपड सोडून द्या. ह लाच प मानलं तरी घनतेत दीड टक्क्याचाच फरक पडतो.

गुरूच्या ध्रुवांवर नेमकं उलट. जूनोने पहिल्याच जवळच्या फेरीत सुमारे ७.८ गॉसचं (७,८०,००० नॅनोटेस्लाचं) क्षेत्र मोजलं. स होतो जवळपास २२ मेगाहर्ट्झ, आणि प्लाझ्मा विरळ, म्हणून प त्याच्या खूप खाली. ह आणि स एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे ह वरून घनता काढणं व्यर्थ. दोन जवळपास सारख्या मोठ्या संख्यांची वजाबाकी करून छोटी संख्या शोधण्यासारखं ते आहे. अशा ठिकाणी शिखरांचा नाद सोडून कडा बघायची. प जेव्हा स पेक्षा लहान असतो तेव्हा व्हिसलर (ध्वनीत बदलल्यास शिट्टीसारखे ऐकू येणारे तरंग) जातीचा गोंगाट वर चढत जाऊन प पाशी थांबतो.

गॅनिमीडची कथा या दोघांच्या मधली. २७ जून १९९६ रोजी गॅलिलिओ यान गुरूच्या या उपग्रहाजवळून गेलं तेव्हा चुंबकत्वमापकाइतकंच प्लाझ्मा तरंगांच्या नोंदीनेही सांगितलं, की याला स्वतःचं चुंबकावरण आहे. यान आत शिरताच सायक्लोट्रॉन पट्टे आणि अप्पर हायब्रिडची रेषा उमटली, बाहेर पडताच मावळली. एखाद्या उपग्रहाचं स्वतःचं चुंबकावरण सापडण्याची ती पहिलीच वेळ.

युलिसिसने आयोच्या कड्यात आणखी एक युक्ती शक्य करून दाखवली. यान स्वतःभोवती फिरत होतं आणि त्याची ७२ मीटरची तार क्षेत्राशी सतत कोन बदलत होती. बर्नस्टाइन तरंगांचा जोर त्या कोनाबरोबर कसा कमीजास्त होतो ते पाहून तरंगलांबी आणि त्यावरून इलेक्ट्रॉनांचं तापमान काढता आलं. तुमच्याही माहितीत यानाच्या फिरण्याची लय दिसते का ते पाहा. शिखर खरं आहे की यंत्रातला कचरा, हे ठरवायला ती लय मदत करते.

कचरा कसा ओळखायचा

यानावरच्या वीज यंत्रणेची रेषा तासन्‌तास एकाच वारंवारतेवर खिळलेली असते. यान ग्रहाच्या जवळ जातं, दूर जातं, क्षेत्र दहापट बदलतं, ही रेषा ढिम्म हलत नाही. निसर्गातली कोणतीही शिखरं इतकी स्थितप्रज्ञ नसतात. म्हणून एकाच क्षणाचा वर्णपट कधीच वाचू नये, पुढचेमागचे काही तास सोबत उघडून ठेवावेत.

दुसरा कचरा जास्त लबाड. फार जोरदार संदेश आला की ग्राहक यंत्र स्वतःच त्याच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेवर खोटी शिखरं तयार करतं. तीही फणीसारखीच दिसतात. पण त्यांच्यातलं अंतर त्या जोरदार शिखराएवढं असतं, आणि ते चुंबकत्वमापकाशी जुळत नाही. फणी आधी पक्की करण्याचा आग्रह मी धरला त्याचं हेही एक कारण.

तिसरी गोष्ट कचरा नव्हे, पण फसवते तशीच. अनेक यंत्रं वारंवारतांचा पट्टा एकदम मोजत नाहीत, खालून वर क्रमाने सरकत जातात. तेवढ्या वेळात यान पुढे गेलेलं असतं. ग्रहाच्या जवळ वेग जास्त असला तर खालचा दात एका जागेचा आणि वरचा दुसऱ्या जागेचा. अंतरं हळूहळू वाढताना किंवा कमी होताना दिसली तर आधी हा हिशेब करा.

सरावाला कुठून सुरुवात करावी

क्लस्टरपासून. युरोपीय अंतराळ संस्थेच्या क्लस्टर सायन्स आर्काइव्हमध्ये व्हिस्परची माहिती खुली आहे, सक्रिय आणि निष्क्रिय दोन्ही, आणि त्याच वेळेचं चुंबकीय क्षेत्रही. आधी प्लाझ्मास्फिअरच्या बाहेरचा, घनता १ ते २० च्या मधला शांत तुकडा निवडा. नासाच्या सीडीएवेबवर व्हॅन ॲलन प्रोब्जची आणि प्लॅनेटरी डेटा सिस्टिमवर कॅसिनी, जूनो, व्हॉयेजर यांची माहिती मिळते, पण तिकडे नंतर जा. आकृत्या काढायला ऑटोप्लॉट पुरेसं आहे, पायथन येत असेल तर पायस्पेडास. अपसरणाची (तरंगाची वारंवारता आणि तरंगलांबी यांच्या नात्याची) पूर्ण समीकरणं सोडवायची वेळ आली की १९८२ पासून वापरात असलेला व्हॅम्प हा प्रोग्रॅम शोधा. ती वेळ लवकर येणार नाही.

वहीत प्रत्येक वर्णपटापुढे चार रकाने आखा: फणीवरून स, मापकावरून स, प किंवा ह ज्यावरून काढला ते शिखर, आणि बर्नस्टाइनची साक्ष मिळाली की नाही. पहिले दोन रकाने जुळले नाहीत तर तिसरा भरू नका. चौथा रिकामा असेल तर घनतेपुढे प्रश्नचिन्ह टाका आणि ते आलेखातही तसंच दाखवा, पोकळ ठिपक्याने. पहिल्या शंभर वर्णपटांत तीस-चाळीस ओळी कोऱ्या राहिल्या तरी हरकत नाही.